ॲबिगेल ॲडम्सची पत्रं: त्या एका वाक्यापलीकडे काय आहे आणि वाचायला कुठून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: महिला दिनाच्या कार्यक्रमात ॲबिगेल ॲडम्सवर, म्हणजे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स याच्या बायकोवर, बोलायचंय, "बायकांना विसरू नका" हे तिचं वाक्य सगळीकडे दिसतं, पण तिचा खरंच राजकारणावर काही प्रभाव होता का की राष्ट्राध्यक्षाची बायको म्हणून नाव झालं, आणि तिची पत्रं वाचायची तर सुरुवात कुठून करायची. मी बॉस्टनजवळच्या एका कॉलेजात अमेरिकन क्रांतीचा काळ शिकवते आणि ही पत्रं दरवर्षी मुलांबरोबर पुन्हा पुन्हा वाचते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी सरळ उत्तर. प्रभाव होता, चांगला भरपूर होता, पण तो त्या वाक्यामुळे नव्हता. त्या वाक्याने १७७६ मध्ये एकही कायदा बदलला नाही. तिचं राजकारण रोजच्या कामातलं होतं: खात्रीची बातमी पोचवणं, माणसं पारखणं, घर आणि शेती चालवून नवऱ्याला बाहेर राहणं परवडेल इतका पैसा उभा करणं, त्याच्या डोक्यातले विचार घासूनपुसून त्याला परत देणं, आणि पुढे पुढे तर कुठल्या संपादकाला गप्प बसवलं पाहिजे इथपर्यंत मत देणं. आणि हे सगळं झालं पत्रांतून. म्हणून एक ओळ उचलू नका, अख्खं पत्र वाचा, एवढंच मला सांगायचंय, बाकी सगळा पुरावा आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगते. ॲबिगेल स्मिथ, जन्म १७४४, मॅसॅच्युसेट्समधलं वेमथ गाव, वडील पाद्री, आई क्विन्सी घराण्यातली म्हणजे त्या भागातलं वजनदार घराणं. शाळेत कधीच गेली नाही, वडिलांच्या पुस्तकांवर वाढली. शाळा मिळाली नाही याची खंत तिला आयुष्यभर होती, पत्रात स्पेलिंग वाटेल तसं, विरामचिन्हांचा पत्ता नाही, आणि ते तिला माहीत होतं, लाज वाटायची, तरी लिहिणं थांबवलं नाही. १७६४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन ॲडम्स नावाच्या वकिलाशी लग्न झालं, ती एकोणीस वर्षांची, तो अठ्ठावीस. मुलं सहा, त्यातली सुझाना जेमतेम वर्षाची होऊन गेली, एक मुलगी मृत जन्मली, बाकी नॅबी, जॉन क्विन्सी, चार्ल्स आणि थॉमस मोठे झाले. जॉन क्विन्सी पुढे १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला पण तेव्हा आई नव्हती, ती १८१८ मध्ये टायफॉइडने गेली.

नवरा-बायकोमधली अकराशेच्या वर पत्रं आज शिल्लक आहेत. का शिल्लक आहेत तर ते दोघं वर्षानुवर्षं लांब होते. १७७४ मध्ये जॉन काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी, फिलाडेल्फियाला गेला, तिथून पुढे १७८४ पर्यंत तो घरी राहिला त्यापेक्षा बाहेरच जास्त राहिला, आधी फिलाडेल्फिया मग फ्रान्स, हॉलंड. १८०१ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपद सोडून कायमचा घरी आला आणि त्यांचा पत्रव्यवहार तिथेच संपला, गरजच उरली नाही. जून १७७६ मध्ये जॉनने पत्रांच्या नकला ठेवायला एक मोठी वही घेतली, तिलाही तशीच वही घ्यायला सांगितलं आणि म्हणाला की माझ्यापेक्षा तुझी पत्रं जपून ठेवण्यासारखी आहेत. ती मात्र मधूनमधून लिहायची की ही पत्रं जाळून टाक. नशीब आपलं, त्याने ऐकलं नाही.

आता जाळून टाक हे नुसतं लाजेपोटी नव्हतं, त्यात खरा धोका होता. १७७५ च्या उन्हाळ्यात जॉनची पत्रं घेऊन जाणारा एक तरुण ब्रिटिशांच्या हाती लागला, पत्रं छापली गेली, त्यात एका सहकाऱ्याबद्दल जॉनने तिखट शब्द वापरले होते, ते सगळ्या काँग्रेसने वाचले. त्यामुळे पत्र लिहिणं म्हणजे काय लिहायचं, कोणाच्या हाती द्यायचं, नाव काय घालायचं असा सगळा विचार करावा लागायचा. ती "पोर्शिया" अशी सही करायची, रोमन काळातल्या ब्रूटसच्या बायकोचं नाव, त्या काळात सुशिक्षित लोकांत अशी टोपणनावं घ्यायची पद्धत होती. पण राजद्रोहाच्या काळात त्या पद्धतीचा उपयोगही होता.

बातमीदार म्हणून ती किती पक्की होती ते बघा. १७ जून १७७५, बंकर हिलची लढाई. ती ब्रेनट्रीला राहते, बॉस्टनपासून जवळ. तोफांच्या आवाजाने झोप नाही, ती सात वर्षांच्या जॉन क्विन्सीला घेऊन घराजवळच्या पेन्स हिल टेकडीवर चढते आणि तिथून चार्ल्सटाउन जळताना दिसतं. दुसऱ्या दिवशी पत्र: कदाचित निर्णायक दिवस उजाडलाय, अमेरिकेचं भवितव्य याच्यावर आहे. त्याच पत्रात त्यांचे जवळचे मित्र डॉक्टर जोसेफ वॉरन पडल्याची बातमी. शे-दीडशे कोसांवर फिलाडेल्फियात बसलेल्या माणसाला असं डोळ्यांनी पाहिलेलं कोण कळवणार? जॉनने एका पत्रात लिहिलंय की पेन्स हिलच्या पायथ्याशी राहणारी एक बाई मला जितकी स्वच्छ आणि पूर्ण माहिती देते तितकी सभ्य गृहस्थांची अख्खी कमिटीसुद्धा देत नाही. त्याने हे कौतुक म्हणून लिहिलंय पण मी ते शब्दशः घेते, कारण काँग्रेसमध्ये मॅसॅच्युसेट्सची परिस्थिती सांगताना त्याच्या हातात तिचीच पत्रं असायची.

आता ते प्रसिद्ध पत्र, ३१ मार्च १७७६. यावर मी जरा थांबणार आहे. ब्रिटिश सैन्य बॉस्टन सोडून गेलंय १७ मार्चला, म्हणजे दोनच आठवडे झालेत. पत्राची सुरुवात तक्रारीने, मी लिहिते त्याच्या निम्मं तरी लांब पत्र तू लिहीत जा. मग प्रश्नांचा मारा, तुमचं आरमार कुठे गेलं, व्हर्जिनिया लढाईला उभी राहू शकेल का, तिथले जमीनदार मालक आणि सामान्य माणसं त्यांची मांडलिक असं तर नाही ना? आणि मग एकदम धारदार वाक्य, की जे लोक स्वतः इतर माणसांचं स्वातंत्र्य हिरावून घ्यायला सरावलेत त्यांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ आपल्याइतकी तीव्र असेल का, याची मला कधीकधी शंका येते. गुलामगिरीवरचं हे वाक्य बायकांच्या वाक्याच्या आधी येतं, आणि भाषणांत ते कधीच येत नाही.

मग बॉस्टनमधलं घर. देवीच्या साथीच्या भीतीने ती स्वतः गेलेली नाही, कोणालातरी बघायला पाठवलं तर कळलं की सैन्याचा एक डॉक्टर तिथे राहून गेलाय, घर घाण करून ठेवलंय पण मोडतोड नाही. मग वसंताचं वर्णन, की महिन्याभरापूर्वी पेरणी केली तरी कापणी आपण करू का हे माहीत नव्हतं, आता निदान आपल्याच दाराशी बसता येईल असं वाटतंय. आणि त्यानंतर ते: तुम्ही स्वातंत्र्य जाहीर केल्याचं ऐकायची मी वाट बघतेय, आणि हो, जे नवे कायदे तुम्हाला करावेच लागतील त्यात बायकांची आठवण ठेवा, पूर्वजांपेक्षा जरा उदार व्हा. नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, संधी मिळाली तर सगळेच पुरुष जुलमी होतील. आमच्याकडे लक्ष दिलं नाहीत तर आम्ही बंड करू, ज्या कायद्यांत आमचा आवाज नाही, प्रतिनिधित्व नाही ते कायदे आमच्यावर बंधनकारक मानणार नाही.

इथे बहुतेक जण पत्र सोडतात. पण पत्र चालू आहे. पोचवायला माणूस मिळाला नाही म्हणून ते ५ एप्रिलपर्यंत घरीच पडून राहिलं आणि तिने पुढे भर घातली, आता सूर पूर्ण वेगळा. शेजारी ट्रॉट म्हणून कुटुंब, त्यांची दोन मुलं एकाच आठवड्यात गेली, ती तिथे आजाऱ्याच्या उशाशी बसून आलीय. आणि मग जॉनने विचारलेलं असतं की बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करतेस का, तर ती लिहिते, अजून केला नाही, साबण करून झाला की प्रयोग करून बघेन, सध्या घरच्यांसाठी कपडा विणण्यातच जीव जातोय नाहीतर मुलं उघडी फिरतील.

एका पत्रात हे सगळं आहे: गुलामगिरी, कायदा, पेरणी, देवीची साथ, शेजारची मेलेली मुलं, साबण, सोरा. ही बाई राजकारण आणि घर वेगळं करतच नाही, करायला तिला सवडही नाही. मला तिची खरी ताकद इथे दिसते.

आणि ती मागत काय होती हे नीट समजून घ्या, नाहीतर भाषणात चूक होईल. ती मताचा हक्क मागत नव्हती. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व संपायचं, तिची मिळकत, तिची कमाई सगळं नवऱ्याचं, मारहाण झाली तरी दाद मागायची सोय जवळजवळ नाही. तो एकतर्फी अधिकार कमी करा असं तिचं म्हणणं. जॉनने १४ एप्रिलला उत्तर दिलं, तुझा हा अजब कायदा वाचून मला हसू आवरत नाही, मुलं, शिकाऊ पोरं, इंडियन (म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी), निग्रो सगळे बिथरलेत असं ऐकलं होतं पण या सगळ्यांपेक्षा मोठी आणि ताकदवान जमात नाराज आहे हे तुझ्या पत्रावरून कळलं, आमची पुरुषी व्यवस्था आम्ही काही मोडणार नाही. ती चिडली. २७ एप्रिलला मैत्रीण मर्सी ओटिस वॉरनला लिहिलं की मी बायकांच्या गाऱ्हाण्यांची यादी पाठवली तर हा उद्धटपणा करतो, आपण दोघी मिळून काँग्रेसला अर्ज करूया का. (मर्सी स्वतः नाटकं आणि राजकीय लेखन करणारी, पुढे १८०५ मध्ये तिने क्रांतीचा तीन खंडांतला इतिहास छापला, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.) आणि ७ मे ला जॉनला सरळच लिहिलं: तू काही बायकांशी उदारपणे वागतोयस असं मला म्हणवत नाही, जगभर शांतीचा आणि सद्भावनेचा पुकारा करता, राष्ट्रांना मुक्त करता, आणि बायकोवरची निरंकुश सत्ता मात्र हातात धरून बसता.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बायकोला हसून उडवणाऱ्या या माणसाने त्याच महिन्यात, २६ मे ला, जेम्स सलिव्हन नावाच्या न्यायाधीशाला एकदम गंभीर पत्र लिहिलं. विषय होता मतदानाची पात्रता बदलावी का. तिथे तो स्वतःच विचारतो की सरकार जनतेच्या संमतीवर उभं असेल तर बायकांना वगळण्याचा अधिकार कुठून आला? आणि मग म्हणतो की हा विषय उघडू नका, याला अंत नाही, बायका मत मागतील. तिने मत मागितलंही नव्हतं, पण तिचा मुद्दा कुठवर जाणार हे त्याला बरोबर कळलं होतं. माझं मत विचाराल तर तिचं पत्र डोक्यात नसतं तर हा परिच्छेद असा उतरला नसता. आणि मताबद्दल तिला काय वाटायचं तेही सापडतं, फक्त एकवीस वर्षांनी: न्यू जर्सीमध्ये तेव्हा मालमत्ता असलेल्या अविवाहित बायकांना मत देता यायचं (१८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला), आणि १७९७ मध्ये बहीण मेरीला लिहिताना ॲबिगेल म्हणते की आपल्या राज्याची घटना न्यू जर्सीइतकी उदार असती तर मी माझं मत नक्की वापरलं असतं. हे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोने लिहिलंय.

१७७७ चा जुलै महिना एकदा सलग वाचा. ९ आणि १० जुलैला ती दिवस भरलेली आहे, पोट दुखतंय आणि ती पत्र लिहितेय. मध्येच लिहिते की या क्षणी लेखणी ठेवावी लागतेय, जे टळणार नाही ते सोसायला, आणि पुढच्याच वाक्यात, सोसून झालं, परत लेखणी घेतली. ११ तारखेला मुलगी मृत जन्मली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलैला, तिचं ते कॉफीचं पत्र आहे. बॉस्टनमध्ये एक श्रीमंत, चिकट, ब्रह्मचारी व्यापारी (इतिहासकार सांगतात तो थॉमस बॉइलस्टन, जॉनच्याच आईच्या नात्यातला) कॉफीचा साठा दाबून बसलेला, पौंडाला सहा शिलिंगच्या खाली देईना. शंभर एक बायका, कोणी म्हणतात जास्तच, हातगाड्या घेऊन गोदामावर गेल्या, किल्ल्या मागितल्या, देईना तेव्हा एकीने मानगूट धरून त्याला गाडीत फेकलं. किल्ल्या मिळाल्यावर गाडी उलटी करून त्याला खाली ओतलं, गोदाम उघडलं, कॉफी भरली आणि चालत्या झाल्या. पुरुषांची मोठी गर्दी अवाक होऊन बघत उभी होती. मी मुलांना यातलं एक वाक्य नेहमी दाखवते, ती लिहिते की त्याला बायकांनी चोपलं असंही बोललं जातं पण ते खरं नसावं. केवढी मजेदार अफवा, आणि तरी ती खात्री नसलेलं वेगळं काढून ठेवते. म्हणून जॉनचा तिच्या बातमीवर विश्वास होता.

पैशाचा भाग भाषणात जरूर घ्या कारण तो फारसा कोणी सांगत नाही. जॉनचा पगार अपुरा आणि कधी मिळेल याचा भरवसा नाही, नोटांची किंमत रोज पडतेय, शेतावर मजूर मिळत नाहीत, कर वाढलेत. तिने युरोपात बसलेल्या नवऱ्याला सांगितलं की पैसे पाठवू नकोस, माल पाठव. रुमाल, रिबिनी, कापड, चिनीमातीची भांडी, चहा अशा वस्तू पेट्यांतून यायच्या, काही स्पेनमधल्या बिल्बाओच्या व्यापाऱ्यांकडून, आणि युद्धामुळे टंचाई असल्याने इथे चढ्या भावाने विकल्या जायच्या. ती स्वतः दुकान थाटून बसली नाही, नातेवाईक आणि ओळखीचे विकायचे, हिशोब ती ठेवायची. नफा सरकारी रोख्यांत घालायची. जॉनचा जीव जमिनीत, तिचं म्हणणं रोखे घे, आणि हिशोबाने तीच बरोबर ठरली. एकदा तिने व्हरमाँटमध्ये जमीन घेतली तर त्याचं उत्तर आलं की व्हरमाँटच्या भानगडीत पुन्हा पडू नकोस. यातली एक बाजू कडू आहे तीही सांगायला हवी, हे रोखे बऱ्याच वेळा मुळात सैनिकांना पगाराऐवजी मिळालेले असायचे, त्यांनी गरजेपोटी मातीमोल विकलेले, आणि १७९० मध्ये सरकारने ते दर्शनी किमतीने मान्य केले तेव्हा फायदा विकत घेणाऱ्यांचा झाला.

कायद्याने यातला एकही पैसा तिचा नव्हता. तरी ती "माझे पैसे" असंच म्हणायची, आणि जानेवारी १८१६ मध्ये तिने मृत्युपत्र लिहिलं जे विवाहित बाई म्हणून तिला कायद्याने लिहिताच येत नव्हतं. वाटणी बहुतेक बायकांना: नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बायका. जॉनने मनात आणलं असतं तर ते कागद फेकून देता आले असते. त्याने तिच्या इच्छेप्रमाणे वाटप होऊ दिलं. १७७६ मध्ये जे मागितलं ते कायद्याने दिलं नाही, तिने ते स्वतःच्या घरात करून घेतलं.

युरोपची वर्षं भराभर सांगते. १७८४ मध्ये मुलगी नॅबीला घेऊन ती 'ॲक्टिव्ह' जहाजाने निघाली, समुद्र लागून हाल झाले, जरा उठता आल्यावर तिने खलाशांकडून जहाज घासून घेतलं. पॅरिसजवळ ओतोय इथे मुक्काम, तिथे थॉमस जेफरसनशी दाट मैत्री. मग लंडन, जॉन ब्रिटनमधला पहिला अमेरिकन राजदूत, ज्या राजाविरुद्ध बंड केलं त्या तिसऱ्या जॉर्जच्या दरबारात हजेरी. १७८७ मध्ये जेफरसनची धाकटी मुलगी पॉली आली ती लंडनला ॲबिगेलकडेच उतरली, सोबत सॅली हेमिंग्ज ही गुलाम मुलगी. पॉलीचा तिला इतका लळा लागला की पुढच्या एका गोष्टीला त्याचाच धागा आहे.

राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात (१७९७ ते १८०१) तिचा प्रभाव सगळ्यात उघड होता आणि माझ्या मते तिची सगळ्यात मोठी चूकही याच काळातली. विरोधक म्हणायचे की ही देशाची नाही, एका गटाची "मिसेस प्रेसिडेंट" आहे. बेंजामिन फ्रँकलिन बाश, म्हणजे त्या मोठ्या फ्रँकलिनचा नातू, फिलाडेल्फियात वर्तमानपत्र चालवायचा, त्यात जॉनला म्हातारा, किरकिरा, टकल्या, आंधळा, पांगळा, बोळका असं सगळं म्हटलेलं. ॲबिगेल संतापली, एप्रिल १७९८ मध्ये मेरीला लिहिलं की काँग्रेसने राजद्रोहाचा कायदा केल्याशिवाय हे थांबायचं नाही. जुलैमध्ये तो कायदा झाला, सरकारवर टीका केली म्हणून संपादक तुरुंगात गेले. स्वातंत्र्यावर इतकं सुंदर लिहिणाऱ्या बाईने छापखान्यांची तोंडं बंद करायला पाठिंबा दिला, हे लपवून तिचं चित्र रंगवू नका. तसंच शेजच्या बंडातल्या (१७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या) कर्जबाजारी शेतकऱ्यांना तिने अडाणी, बेफाम, तत्त्वशून्य म्हटलं होतं. गरिबाच्या बंडाची तिला भीती वाटायची.

गुलामगिरीबद्दलही असंच गुंतागुंतीचं आहे. १७७४ मध्येच तिने लिहिलं होतं की आपल्या प्रांतात एकही गुलाम नसावा असं मला मनापासून वाटतं, ज्यासाठी आपण लढतोय तेच आपण रोज दुसऱ्यांकडून लुटतोय. पण वडिलांच्या घरात गुलाम होते, आणि लंडनला ऑथेल्लो बघताना काळ्या रंगाच्या नायकाने गोऱ्या नायिकेला स्पर्श केला की आपल्या अंगावर शहारा येतो हेही तिने प्रामाणिकपणे लिहिलंय, वर हा आपल्या संस्कारातला पूर्वग्रह असेल का असंही विचारलंय.

यासोबत १३ फेब्रुवारी १७९७ चं पत्र ठेवून वाचा. घरात जेम्स नावाचा एक काळा मुलगा कामाला होता, तिने त्याला स्वतः लिहायला वाचायला शिकवलेलं, आता त्याला गावातल्या संध्याकाळच्या शाळेत घातलं. फॅक्सन नावाचा शेजारी आला, म्हणाला जेम्सला काढा नाहीतर शाळा मोडेल. ही विचारते, त्याने काही वाईट वर्तन केलं का? नाही. मग? बाकीच्या मुलांना काळ्या मुलाबरोबर बसायचं नाही. मग चर्चमध्ये कसे बसतात? नाचाच्या कार्यक्रमात जेम्स वाजवतो तेव्हा त्याच खोलीत कसा चालतो? फॅक्सन म्हणतो, माझी हरकत नाही हो, माझ्या मुलांचीही नाही, दुसऱ्या काही लोकांची आहे. मग ते का नाही आले? आणि मग ती त्यालाच सुनावते की हा तर समान हक्काच्या मुळावरच घाव आहे, मुलगा इतर कोणाइतकाच स्वतंत्र आहे, केवळ तोंड काळं म्हणून त्याला शिक्षण नाकारायचं तर तो पोट कसं भरणार? शेवटी म्हणते, त्यांना सांगा, आपण सगळे स्वर्गात एकत्रच जाऊ अशी मला आशा आहे. तो हसला आणि निघून गेला, नंतर कोणी तक्रार केली नाही.

आणि जेफरसन. १८०० च्या निवडणुकीत त्याने जॉनला हरवलं, मैत्री तुटली, त्याच सुमारास तिचा मुलगा चार्ल्स दारूपायी गेला. एप्रिल १८०४ मध्ये पॉली बाळंतपणानंतर गेली, ते कळलं तेव्हा मे महिन्यात ॲबिगेलने नवऱ्याला न सांगता जेफरसनला, म्हणजे विद्यमान राष्ट्राध्यक्षाला, सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्याने उत्तर दिलं पण त्यात जॉनने जाता जाता केलेल्या नेमणुकांचं गाऱ्हाणं घातलं. मग हिने सोडलं नाही. जॉनची बदनामी करणाऱ्या कॅलेंडर नावाच्या लेखकाला जेफरसनने पोसलं होतं, आणि तोच पुढे जेफरसनवर उलटला. ती लिहिते, ज्या सापाला ऊब दिलीत तो तुमच्याच हाताला डसला. सात पत्रं झाली, ऑक्टोबरमध्ये तिने बंद केलं, आणि नोव्हेंबरमध्ये जॉनला सगळी वाचायला दिली. त्याने तिच्या नकलेखाली लिहून ठेवलं की हा पत्रव्यवहार माझ्या नकळत झाला, आज तिच्या इच्छेवरून सगळा वाचला, इथे मला काही म्हणायचं नाही.

वाचायचं कुठे, तर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर नवरा-बायकोची सगळी पत्रं फुकट आहेत, हस्ताक्षराचा फोटो आणि शेजारी टाइप केलेला मजकूर. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'फाउंडर्स ऑनलाइन' साइटही फुकट आहे, तिथे तळटीपा चांगल्या आणि जेफरसनबरोबरची पत्रंही मिळतात. नातू चार्ल्स फ्रान्सिसने १८४० पासून छापलेले संग्रह जुने म्हणून इंटरनेटवर सहज सापडतात पण त्याने आजीचं स्पेलिंग सुधारलंय आणि खासगी वाटलेलं गाळलंय, त्यामुळे ते टाळाच. वाचताना तारखांवर लक्ष ठेवा, फिलाडेल्फियाला पत्र जायला आठवडा-दोन आठवडे, युरोपला कित्येक महिने, पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात, त्यामुळे लगेच पुढचं पत्र हे आधीच्याचं उत्तर असेलच असं नाही. तिचं बिनविरामाचं इंग्रजी मोठ्याने वाचलंत की पटकन कळतं.

सुरुवात मार्च ते ऑगस्ट १७७६ अशी सलग करा, मग जुलै १७७७, मग फेब्रुवारी १७९७, मग १८०४. भाषणासाठी वेळ थोडा असेल तर "बायकांना विसरू नका" एका वाक्यात सांगून पुढे जा, ते श्रोत्यांनी ऐकलेलं असतं, आणि ७ मे चं उत्तर आणि फॅक्सनबरोबरचा संवाद पूर्ण वाचून दाखवा. दोन्ही मिळून पाच मिनिटंही लागणार नाहीत.